झोंबणाऱ्या औषधाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. प्लास्टिकची, हिरवी, खांद्यापाशी थोडी चेपलेली. चूळ भरायचे औषध, म्हणजे तुम्ही ज्याला माऊथवॉश म्हणता ते, ठेवण्यासाठी मला घडवले होते. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की त्यांना आधी कौतुकाचे दिवस आठवतात. माझ्या वाट्याला कौतुक फारसे आले नाही. मला आधी आठवते ती भीती. माझी स्वतःची, आणि माझ्यामुळे एका घराला वाटलेली.

एका कारखान्यात गरम प्लास्टिकमध्ये हवा फुंकून मला फुगवले गेले. अंग निवते न निवते तोच मी एका सरकत्या पट्ट्यावर उभी होते. पुढे एक मोठी पोलादी टाकी होती. तिच्या तोटीतून माझ्यात औषध उतरले. पुदिन्याचा तिखट वास, हिरवा रंग, आणि त्या दोघांच्या खाली दडलेला आणखी एक वास. तिथे काम करणाऱ्या बायकांच्या डोळ्यांतून तोंडाला फडके बांधूनही पाणी यायचे. मुकादम सारखा ओरडायचा, "सांभाळून! अल्कोहोल आहे त्यात. जाळ लांब ठेवा!" माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द 'सांभाळून' हा होता. मी तेव्हाच घाबरले. माझ्या पोटात असे काय भरले आहे, की ज्याच्याजवळ माणसे दबकून वावरतात?

हळूहळू मला उलगडा झाला. दारूत असते त्याच जातीचे अल्कोहोल माझ्यातही होते. ते पिण्यासाठी नव्हते. औषधातले बाकीचे अर्क त्यात नीट विरघळावेत आणि तोंडातले काही जंतू मरावेत, म्हणून ते घातले होते. त्यामुळेच मी तोंडाला झोंबत असे. शेजारच्या पट्ट्यावरून फिकट निळ्या बाटल्या जात. त्यांच्यात अल्कोहोल नव्हते. त्यांच्याकडे पाहून कुणी 'सांभाळून' म्हणत नसे. मला त्यांचा हेवा वाटे.

पुढे आम्ही दोघी, मी आणि एक निळी बाटली, एकाच औषधाच्या दुकानात एकाच फळीवर आलो. दुकान चौकात होते. संध्याकाळी तिथे चांगली गर्दी व्हायची. अशाच एका संध्याकाळी खाकी गणवेशातला एक ड्रायव्हर आला. शहरातली बस चालवायचा तो. अंगाने आडवा, पण आवाज अगदी खालचा. त्याच्या हिरड्या सुजल्या होत्या, त्यातून रक्त यायचे, आणि तोंडाला वास येई. दाताच्या डॉक्टरांनी त्याला चूळ भरायला औषध आणायला सांगितले होते.

दुकानातल्या ताईंनी आम्हा दोघींकडे बोट दाखवले आणि खणखणीत आवाजात विचारले, "कुठलं देऊ? अल्कोहोलवालं की बिनअल्कोहोलचं?"

मित्रांनो, तो शब्द ऐकताच ड्रायव्हरचा चेहरा असा काही उतरला, की जणू कुणी त्याची कॉलरच धरली! मागे रांग होती. रांगेत त्याच्याच गल्लीतले दोघे उभे होते. त्याने मागे पाहिले, मान खाली घातली आणि पुटपुटला, "कुठलंही द्या हो." आणि ताई काही समजावून सांगणार तेवढ्यात पैसे ठेवून, हाताला लागलेली बाटली उचलून तो निघाला. ती बाटली मी होते. तो असा का पळाला, हे मला त्याच्या घरी गेल्यावर कळले.

घर लहान होते. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघराला लागून मोरी. मोरीत बेसिनवरच्या आरशाखाली एक फळी होती. तिथे मला जागा मिळाली. घरात तिघेच होते. ड्रायव्हर, त्याची बायको आणि त्यांची मुलगी. बायको एका लाँड्रीत इस्त्रीचे काम करायची. मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती किडकिडीत होती आणि कुठे काय ठेवले आहे ते तिला बरोबर वासावरून सापडे. मीही आता ड्रायव्हरला 'मुंगीचे बाबा'च म्हणते.

मुंगीचे बाबा पूर्वी दारू प्यायचे. थोडीथोडकी नाही, घर खिळखिळे होईल इतकी. एकदा मुलीला शाळेतून आणायचेच विसरले. शाळा सुटली, दिवे लागले, तरी मुंगी फाटकाशी शिपायाच्या स्टुलावर बसून होती. त्या दिवसानंतर त्यांनी दारू सोडली. दर रविवारी ते दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकीला जात. वर्ष उलटून गेले होते. पण दाताच्या डॉक्टरांनी जेव्हा विचारले, "दारू वगैरे काही?" तेव्हा ते नुसते "नाही" म्हणाले. आता घेत नव्हते, म्हणून ते खोटे नव्हते. पण पूर्वी काय होते ते सांगायची त्यांना लाज वाटली. आणि डॉक्टरांनी पुढे काही विचारले नाही.

मुंगीची एक सवय होती. बाबा कामावरून आले की ती धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडे. लोकांना वाटे, किती लाडकी लेक! पण गळ्यात पडल्यावर ती हळूच नाक त्यांच्या तोंडापाशी नेई, आणि मग तिचे खांदे सैल पडत. ती वास घेत असे, मित्रांनो. रोज. आणि रोज तिला फक्त डिझेलचा, घामाचा आणि दिवसभराच्या धुळीचा वास येई, आणि तिचा जीव भांड्यात पडे.

मी आल्यावर मुंगीच्या बाबांना वाटले, आता तोंडाला वास राहणार नाही. जेवणानंतरही चूळ भरायला डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून ते मला पिशवीत घालून कामावर नेऊ लागले. एका संध्याकाळी घराच्या जिन्यापाशी त्यांनी मला बाहेर काढले, चूळ भरली, गटारात टाकली आणि हसत हसत वर गेले. मुंगी धावत आली. गळ्यात पडली. आणि तशीच थिजली.

पुदिन्याखाली दडलेला तो दुसरा वास तिला ओळखता आला होता.

तिने हात सोडवून घेतले आणि "पाय धुऊन येते" म्हणून मोरीत शिरली. कडी लावली. नळ सोडला. पाय धुतल्याचा आवाज मात्र आला नाही. नुसते पाणी वाहत राहिले. मी बाबांच्या पिशवीत, दाराबाहेरच्या खुंटीला लटकत होते. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, "अगं, तो वास माझा आहे! त्यांचा नाही!" पण बाटलीला तोंड असते, आवाज नसतो.

त्यानंतर घरात काहीतरी बिनसत गेले. मुंगी बाबांचे बूट उचलून आत पाही. गादीखाली हात घाली. पाण्याच्या टाकीचे झाकण उघडून वाकून बघे. शाळेतून येताना ती वळणावरूनच खिडकीकडे पाही, आणि घरात मोठ्याने कुणी बोलत नाही ना, याचा कानोसा घेऊन मगच जिना चढे. जेवताना घास हातातच राहू लागला. आईने विचारले, "बरं नाही का गं?" ती म्हणाली, "पोटात दुखतंय."

आणि आईचे काय? आईलाही तो वास आला होता. पण मुंगीला कळू नये म्हणून तीही गप्प होती. एका दुपारी बाबा सुट्टीवर होते, झोपले होते. आई मोरीत आली. नळ मोठा सोडला आणि फोनवर मुंगीच्या मावशीशी हलक्या आवाजात बोलू लागली.

"वास येतोय गं ह्यांच्या तोंडाला. नाही, विचारलं नाही. काय विचारू? मागे लवंगा चघळायचे, आता ही हिरवी बाटली आणलीय. झाकायलाच आणली असणार." मग तिने माझे झाकण उघडून मला हुंगले. बेसिनच्या कडेला धरलेली तिची बोटे पांढरी पडली. "पुदिना आहे नुसता," ती म्हणाली, "पण माझा आता नाकावरही विश्वास राहिला नाही बघ."

मागच्या बाजूला, राईच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, माझ्यावर सगळे छापलेले होते. तिने मला फिरवले असते तर? पण डोळे पाण्याने भरलेल्या माणसाला इतकी बारीक अक्षरे कुठून दिसणार?

असे तीन जीव एका घरात एकमेकांना चुकवत राहू लागले. बाबांना वाटे, आपले तोंड अजून घाणच मारते, म्हणून लेक जवळ येत नाही. म्हणून ते आणखी जास्त चुळा भरत. तोंड कोरडे पडे, हिरड्या चुरचुरत, तरी भरत. झोंबते म्हणजे काम करते, असे त्यांना वाटे.

मग तो दिवस उजाडला.

डेपोत गाडी हातात मिळण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला एका लहानशा मशीनमध्ये फुंकावे लागे. कुणी दारू पिऊन आला तर ते मशीन कर्कश वाजे. एरवी बाबा घरूनच चूळ भरून निघत. डेपोत पोहोचेपर्यंत बराच वेळ जाई आणि मशीन गप्प राही. त्या दिवशी मात्र त्यांना उशीर झाला. डेपोच्या नळावरच त्यांनी घाईघाईने माझ्यातले औषध तोंडात घोळवले, टाकले, आणि तसेच रांगेत उभे राहून फुंकले.

मशीन वाजले.

तपासणीच्या बाईंनी मशीनकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "पुन्हा फुंका."

पुन्हा वाजले.

"मी प्यायलो नाही हो," बाबा म्हणाले.

"मी काही म्हटलंय का?" बाई म्हणाल्या. "त्या बाकावर बसा. थोड्या वेळाने परत घेऊ. नियमच आहे तसा."

पण बाबांच्या कानात ते शिरलेच नाही. मागून कुणीतरी कुजबुजले, "सुटत नाही रे ती, एकदा लागली की." बाबा वळले आणि फाटकाकडे निघाले. पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे ड्रायव्हर, ज्यांना सगळा डेपो मिशीकाका म्हणे, ते बाबांना हाक मारत मागे आले, "अरे, थांब! ऐकून तर घे!" पण बाबा थांबले नाहीत. पिशवी छातीशी धरून ते चालतच राहिले.

घरी कुणी नव्हते. ते सरळ मोरीत आले, कडीही न लावता. मला बाहेर काढले आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून वाचले. ओठ हलत होते. मग एका शब्दावर बोट थांबले.

"अरे देवा," ते म्हणाले. "हे आहे होय!" आणि ते हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिले. मलाही हायसे वाटले. आता हे मला घेऊन डेपोत जातील, सगळ्यांना दाखवतील, आणि सगळे ठीक होईल!

पण हसू ओसरले. ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांची नजर बदलली. आतापर्यंत मी त्यांच्यासाठी औषध होते. आता त्यांना माझ्यातले दुसरे काही दिसत होते.

"नाहीतरी सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय," ते आरशातल्या स्वतःला म्हणाले. "मग मी कशासाठी सांभाळायचं?"

त्यांनी झाकण उघडले. औषध झाकणात मोजून न घेता त्यांनी मलाच तोंडाला लावले.

मित्रांनो, कारखान्यातल्या सगळ्या आरडाओरड्यात मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या क्षणी वाटली. मला माझे तोंड मिटता येत नव्हते. माझ्यातले औषध पोटात जायचे नाही. ते पोटात गेले तर नुसता तो जुना घाव उघडणार नव्हता, माणूस आजारीही पडला असता. मी तिरकी झाले आणि माझ्यातले औषध भसकन त्यांच्या तोंडात गेले.

त्यांचे गाल फुगले. चूळ भरणारा माणूस गाल हलवतो, खुळखुळ आवाज करतो. ते काहीच करत नव्हते. आरशाकडे बघत स्तब्ध उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होते. गळ्याची घाटी थरथरत होती.

"बाबा!"

दारात मुंगी उभी होती. शाळा लवकर सुटली होती. पाठीवर दप्तर, पायांत बूट तसेच.

"थुंक, बाबा!" ती किंचाळली. "थुंक आधी! थुंक!"

आणि ते थुंकले. बेसिनमध्ये सगळे हिरवे झाले. मग खोकत खोकत ते जमिनीवरच बसले, आणि मी त्यांच्या हातून सुटून खांद्यावर आपटले. माझा खांदा चेपला तो तेव्हा.

मुंगी दारातून पुढे आली नाही. "प्यायलास?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच सांगतो. डेपोत मशीन वाजलं ते ह्या औषधामुळे. ह्यातच अल्कोहोल आहे, हे बघ, लिहिलंय. घाईत कुठली बाटली उचलली ते मी बघितलंच नव्हतं गं." ते थांबले. एवढ्यावर बोलणे संपवता आले असते. पण त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पण आत्ता जे तोंडात घेतलं होतं ना, मुंगी, ते चूळ भरायला नव्हतं."

मुंगीने खाली पडलेले झाकण उचलले. मला सरळ केले आणि ते झाकण इतके घट्ट लावले, की तिच्या बोटांवर वळ उठले.

"मी आले नसते तर?"

"माहीत नाही," बाबा म्हणाले.

नळ तेवढा गळत होता.

"मला वास येत होता," मुंगी म्हणाली. "कधीपासून येतोय."

"मग विचारलं का नाहीस, बाळा?"

"तू हो म्हणाला असतास तर?"

बाबांनी हात पुढे केले. मुंगी जरा घुटमळली, आणि मग दप्तरासकट त्यांच्या कुशीत शिरली.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. डेपोतून फोन गेल्यामुळे आई लाँड्रीतून तशीच धावत आली होती. मागोमाग धापा टाकत मिशीकाका. आईने मोरीत पाहिले, जमिनीवर बसलेला नवरा, त्याच्या कुशीत मुलगी आणि मध्ये मी. ती भिंतीला टेकली.

"अहो, काय केलंत हे?"

"बाबा थुंकले," मुंगी घाईने म्हणाली. "आई, आधी मागचं वाच. बारीक लिहिलंय ते वाच."

आईने वाचले. मिशीकाकांनी डोळ्यांवर चष्मा चढवून वाचले आणि कपाळाला हात लावला.

"अरे शहाण्या! तोंडातला वास ओसरेपर्यंत बसायचं आणि पुन्हा फुंकायचं, एवढंच तर होतं. बाई सांगत होत्या तर तू पळत सुटलास! आणि आता प्रूफ म्हणून पुन्हा तोंड भरून ठेवलंस होय? शाबास!"

आईला हसू फुटले आणि त्याच हसण्यातून रडू. पण अजून काहीच संपले नव्हते. एखादा घोट खाली उतरला असेल तर? मुंगीच्या मनात तेच होते. ती बाबांच्या गळ्याकडे बघत होती. आईच्या मनातही तेच. मिशीकाकांनी बाबांना साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या, आणि सगळे मिळून डेपोत गेले. मलाही नेले, पुरावा म्हणून.

तपासणीच्या बाईंनी मला हातात घेऊन वाचले आणि बाजूला ठेवले. "बाटली काय म्हणते ते कळलं. आता मशीन काय म्हणतं ते बघू. बसा."

बाकावर सगळे ओळीने बसले. आईच्या साडीला इस्त्रीच्या वाफेचा ओलसर वास येत होता. गाड्या सुटत होत्या, परत येत होत्या. शेवटी बाईंनी बाबांना बोलावले. मुंगीने दोन्ही कान गच्च दाबून धरले आणि डोळे मिटले.

बाबांनी फुंकले.

मशीन गप्प राहिले.

बाईंनी ते फिरवून त्यांना दाखवले. नुसते शून्य होते. "न सांगता निघून गेलात म्हणून आज गाडी मिळणार नाही," त्या म्हणाल्या, "उद्या वेळेवर या." मुंगीने अजून कान सोडले नव्हते. आईने तिचे हात हळूच खाली केले. "झालं गं," ती म्हणाली. "वाजलं नाही."

त्याच आठवड्यात बाबा दाताच्या डॉक्टरांकडे गेले आणि पूर्वी काय होते ते सगळे सांगून आले. डॉक्टर रागावले नाहीत. आधी कळले असते तर बिनअल्कोहोलचेच लिहून दिले असते, एवढेच म्हणाले. आता आरशाखालच्या फळीवर फिकट निळी बाटली आहे. ती झोंबत नाही. हिरड्या बऱ्या होत आल्या आहेत. माझ्यातले उरलेले औषध आईने ओतून टाकले, गरम पाण्याने मला विसळले आणि तापलेल्या सुईने माझ्या झाकणाला भोके पाडली. आता मी लाँड्रीत असते. इस्त्रीआधी कपड्यांवर माझ्यातून पाणी शिंपडतात. कधी कधी त्यात खाकी गणवेशही असतो.

माझ्या सगळ्या बहिणी वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. कित्येक घरांत त्या निमूटपणे आपले काम करतात. पण घरात लहान मूल असेल, कुणाचे तोंड कोरडे पडत असेल, किंवा कुणी मोठ्या कष्टाने दारू सोडली असेल, तर तिथे आम्हाला नेऊ नका. बाटली घेण्याआधी ती फिरवून मागचे वाचा. दुकानात, दवाखान्यात विचारायला लाजू नका. आणि तुमच्यापैकी कुणी मुंगीसारखे मनातल्या मनात घाबरत असेल, तर एकटे राहू नका. आईला सांगा, मावशीला सांगा, शाळेतल्या बाईंना सांगा.

त्या घरातली भीती गेली का, असे तुम्ही विचाराल. नाही, मित्रांनो. ती कमी झाली, पण गेली नाही. आई सांगत असते लाँड्रीतल्या बाईंना. मुंगी आता सरळ विचारते, "बाबा, आज प्यावंसं वाटलं?" कधी ते "नाही" म्हणतात. कधी म्हणतात, "वाटलं होतं गं, दुपारी." मग ती त्यांच्याजवळ जाऊन बसते. आई भाजी तशीच ठेवून येऊन बसते. मला भीती वाटते ती एकाच दिवसाची, ज्या दिवशी त्या घरात हे विचारायचे कुणी सोडून देईल.